ओला, सुका आणि नॉन-फ्री

इंदुरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. वर्गवारी सहा प्रकारची: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. चहाचा चोथा सुक्यात गेला, तर गाडीवरचा भैया सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात शाळा घेतो. मी मुकाट ऐकून घेतो. कारण रोज रात्री, सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याच्या गाड्या लागतात त्या वेळेला, मीही हाच धंदा करतो. फक्त माझा कचरा म्हणजे सॉफ्टवेअर, आणि डबे तीन: मेन (परवान्याने मोकळं), कॉन्ट्रिब (स्वतः मोकळं, पण मोकळ्या नसलेल्या कशावर तरी अवलंबून) आणि नॉन-फ्री (परवान्याने मोकळं नसलेलं). (2023 साली चौथाही आला, पण तो फर्मवेअरचा. खेळांचा त्याच्याशी संबंध नाही.)

डेबियन हे 1993पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं लिनक्स वितरण. त्यातल्या काही खेळांची पॅकेजं, म्हणजे संगणकावर बसवायची तयार गाठोडी, मी सांभाळतो. हे सांगितलं की काकू विचारतात, "म्हणजे रात्रभर गेमच खेळतोस ना रे?" काकूंना काय सांगावं! हलवायाला जिलेबी खायला मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कढईपुढे उभं राहून बघावं.

लोकांना वाटतं, खेळ म्हणजे हलकंफुलकं पॅकेज, अवघड ते डेटाबेस नि कर्नल. उलट आहे. डेटाबेसमध्ये नुसता कोड असतो. खेळात कोड असतो, चित्रं असतात, नकाशे, संगीत, फॉन्ट, स्फोटाचा आवाज, कोंबडीचा आवाज. आणि या प्रत्येकाचा मालक वेगळा. कॉपीराइट नावाच्या फाइलीत एकूण एक फाइलीचा मालक आणि परवाना लिहावा लागतो. लायसन्सचेक नावाचं साधन कोडच्या डोक्यावरचा मजकूर वाचतं, पण कोंबडीच्या डोक्यावर काही लिहिलेलं नसतं. मूळ लेखकाच्या रीडमीत एक ओळ सापडते: "काही आवाज इंटरनेटवरून घेतले आहेत, सर्वांचे आभार." आभार मानल्याने परवाना मिळत असता, तर लग्नाच्या पत्रिकेवर अर्धं डेबियन छापता आलं असतं.

मग गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीचा, इतिहास उकरायचा. कोंबडी कोणी आणली, कुठून आणली? शेवटी कळतं की कोंबडी "अव्यावसायिक वापरासाठी मोफत" आहे. ऐकायला किती सोज्वळ! पण डेबियनच्या 1997च्या नियमांत, वापर कशासाठी करायचा यावरून भेदभाव चालत नाही. फुकट असूनही कोंबडी नॉन-फ्री. मूळ लेखकाला नम्र पत्र लिहायचं. काही जण त्याच दिवशी आवाज बदलून देतात. देव त्यांचं भलं करो. काहींची शेवटची हालचाल 2011 सालची असते.

उत्तर आलं नाही तर कॉपीराइट फाइलीत फाइल्स-एक्स्क्लुडेड या सदराखाली कोंबडीचं नाव घालायचं. युस्कॅन हा प्रोग्राम मूळ गाठोडं उतरवून घेतो, कोंबडी काढतो, गाठोडं पुन्हा बांधतो, आणि वॉच फाइलीत सांगून ठेवलं असेल तर आवृत्तीच्या मागे डीएफएसजी (त्याच 1997च्या नियमांचं लघुरूप) हे शेपूट लावतो. खेळ सुरू केला की लगेच कोसळतो, कारण लेखकाने आवाजाची फाइल नसेल तर काय करायचं हे लिहिलेलंच नसतं. मग सीसी-झीरो या सगळे हक्क सोडून देणाऱ्या परवान्याचा दुसरा आवाज शोधून घालायचा. आमच्याकडच्या एखाद्या खेळात कोंबडी घंटेसारखी वाजत असेल, तर त्यामागे कायदा आहे.

डूम या नव्वदीतल्या राक्षस मारायच्या खेळाचं प्रकरण याहून सरळ. त्याचा कोड 1999पासून जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली आहे. राक्षस आणि नकाशे मात्र आजही कंपनीचे. म्हणून इंजिन मेनमध्ये, आणि त्यावर खेळायला फ्रीडूमचे मोकळे राक्षस. खरेच हवे असतील तर कॉन्ट्रिबमध्ये गेम-डेटा-पॅकेजर आहे: सीडी तुमची, पॅकेज तो बांधून देतो. डबा घरून आणा, वरण आम्ही वाढू.

इतकं निवडून झालं की कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, उठतो. जीसीसी या कंपायलरच्या 10व्या आवृत्तीने हेडरमध्ये (अनेक फाइलींत ओढल्या जाणाऱ्या सामायिक फाइलीत) उघड्यावर टाकलेले ग्लोबल चल दोनदा मोजायला सुरुवात केली आणि जुने खेळ लिंक होईनात. जीसीसी 14ने फंक्शन न जाहीर करता वापरणं ही सूचना नव्हे, चूक ठरवली. 15ने सी-23 हे सी भाषेचं नवं रूप गृहीत धरलं, त्यात ट्रू, फॉल्स आणि बूल हे भाषेचे राखीव शब्द झाले. नव्वदीतल्या प्रत्येक खेळाने हे तिन्ही घरच्या घरी बनवलेले! डूमच्या वंशावळीत तर ही रीत खानदानी. पॅकेज बांधायच्या सूचनांच्या रूल्स फाइलीत "जुनी भाषा, जीएनयू-17, चालू ठेव" असं लिहिलं की एका ओळीत सुटका होते. पण ही गादीखाली सारलेली बिलं आहेत. क्विल्ट या साधनाने कोडला ठिगळ शिवून मूळ लेखकाला पाठवणं हेच बरं. (पाहा: 2011.)

पॅकेज दोन तुकड्यांत करायचं. चालणारा भाग प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा, चित्रं नि आवाज मात्र "डेटा" पॅकेजमध्ये सगळ्यांना एकच. नाहीतर तीच कोंबडी प्रत्येक प्रोसेसरच्या नावाने एकेकदा साठवली जाते. नंतर एखादी फाइल एका तुकड्यातून दुसऱ्यात हलवली, तर कंट्रोल फाइलीत ब्रेक्स आणि रिप्लेसेस दोन्ही लिहायचे. विसरलात तर अद्ययावत करताना पॅकेज बसवणारा डीपीकेजी "ही फाइल दुसऱ्याची आहे" म्हणून अडून बसतो, आणि तक्रार तुमच्या नावे येते.

प्रोसेसरांच्या यादीत एस-390-एक्स आहे. हे आयबीएमचं मेनफ्रेम, बँकांत असतं तसलं. त्यावर बेडकाने उड्या मारायचा खेळ कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही, पण तो तिथे बांधला जावा लागतो. हे यंत्र संख्येतले बाइट उलट्या क्रमाने ठेवतं, त्यामुळे चाचणीत बेडूक आभाळात जातो. एकदा तिथे बांधला गेलेला खेळ नंतर बांधला गेला नाही, तर नवी आवृत्ती टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या डेबियनची तयारी चालते त्या शाखेत, सरकत नाही. एकतर बेडूक खाली आणायचा, नाहीतर तिथलं जुनं बांधकाम पाडा असा अर्ज करायचा.

पॅकेज नवं असेल तर न्यू नावाची रांग. तिथले स्वयंसेवक कॉपीराइट फाइल ओळ अन् ओळ वाचतात. तिथे बांधलेलं पॅकेज सोबत द्यावं लागतं. मंजूर झालं की कळतं, तुमच्या हाताने बांधलेलं टेस्टिंगमध्ये चालत नाही. म्हणून नुसता सोर्स, म्हणजे मूळ कोड, पुन्हा चढवायचा. मग टेस्टिंगमध्ये जायला साधारण 5 दिवस थांबायचं.

त्यानंतर तक्रार येते: "सातव्या पातळीवर पूल ओलांडताना खेळ बंद पडतो." आता चूक शोधायला लागणाऱ्या माहितीचं डीबीजीसिम पॅकेज घालून जीडीबी या चूक शोधणाऱ्या प्रोग्रामखाली खेळ चालवायचा. खिडकीतच चालवायचा, पूर्ण पडद्यावर थांबला तर माउससकट सगळं गोठतं, आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ3ने दुसऱ्या कन्सोलवर जाऊन त्याला मारावं लागतं. पण मुळात सातव्या पातळीपर्यंत जाणार कोण? मी पॅकेज तपासतो ते पहिल्या पातळीवर. ती मला तोंडपाठ आहे, दुसरी मी पाहिलेली नाही.

अशा वेळी भाचा लागतो. तो बघता बघता सातव्यावर पोहोचतो, पूल ओलांडतो, पलीकडून परत येतो, आणि विचारतो, "मामा, बंद कुठे पडतोय?"

तक्रार पाठवायचा रिपोर्टबग हा प्रोग्राम तक्रारीच्या तळाशी यंत्राची माहिती आपोआप जोडतो. ती आधी वाचायची असते. आर्म-एचएफ, म्हणजे आर्म प्रोसेसरचं यंत्र. आर्मवर साधा कॅर (सी भाषेतला एका बाइटचा संख्याप्रकार) बिनचिन्हाचा असतो, त्यात उणे संख्या मावत नाही. पुलाच्या तुटक्या फळीला लेखकाने उणे 1 क्रमांक दिलेला. तिथे ती 255वी फळी होते, आणि पुलाला फळ्या बाराच आहेत. कॅरच्या आधी साइन्ड लिहायचं, चेंजलॉगमध्ये एक ओळ, आणि भाच्याला दोन प्लेट गराडू.