शब्द दिला होता म्हणे

आज कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो. शेजारचं पोरगं, ओठावर फेस तसाच, मोबाईलवर बातम्या बघत म्हणतंय, "आता मोठ्या देशांनी युद्धात उतरायलाच पाहिजे. एकदाचं होऊन जाऊ दे!" माझा पेला हातातच राहिला.

आमच्या थोरल्या चुलत्यांचं सांगतो. भावकीतल्या दोघांचं बांधावरनं जुंपलं. वीतभर बांध, आमचा काडीचा संबंध नाही. तरी चुलते काठी घेऊन पळाले. का, तर त्यातल्या धाकट्याला शब्द दिला होता! कपाळाला सात टाके आणि अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. पुढं आजीकडनं कळलं, आमच्या उसाच्या पाण्याची पाईप त्याच बांधाखालनं येत होती.

१९१४ ला, पहिल्या महायुद्धात, ब्रिटननं वेगळं काय केलं? बेल्जियमला १८३९ च्या करारात शब्द दिलेला, तुझ्या तटस्थपणाला धक्का लागू देणार नाही. जर्मन फौज आत घुसली आणि ४ ऑगस्टला हे उतरले. शब्द खोटा नव्हता, मान्य. पण फ्रान्स आडवा होऊन जर्मन आरमार समोरच्या किनाऱ्याला लागलं असतं तर? पाईप होतीच की खाली!

ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेला तेव्हा रशियाला धास्ती, सर्बियाला सोडलं तर आपल्याला कोण विचारणार. जर्मनीला वाटलं, रशिया थोड्या वर्षांत आवरायचा नाही, व्हायचंच तर आत्ताच. त्यांनी ऑस्ट्रियाला तर कोरा चेकच दिला होता, काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. आणि प्रत्येकजण म्हणे स्वतःचा बचाव करत होता. चुलतेही कोर्टात हेच म्हणाले.

अमेरिकेचं बघा. 'युद्धाबाहेर ठेवलं' या घोषणेवर अध्यक्ष विल्सन १९१६ ची निवडणूक जिंकले, एप्रिल १९१७ ला उतरले. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, मेक्सिकोला फितवायची जर्मनीची तार सापडली होती, खरं आहे. पण तिथल्या बँकांनी ब्रिटन-फ्रान्सला इतकं कर्ज दिल्यावर सावकाराला झोप लागते होय?

आणि मेलं कोण? आपल्याच मुलखातल्या, साताऱ्याच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या लढाईत गेले. बेल्जियम कुठंशी आहे हे त्यांच्या आयांना कुणी सांगितलं असेल का?

त्या पोराला काही बोललो नाही. वय तसलंच. मीही त्या वयात चुलत्यांची काठी मिरवायचो.

परवा चुलत्यांना विचारलंच, पाईपसाठी गेलतासा का हो? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाईप दुसरीकडनं आणली असती रे. पण घरात बसलो असतो, तर गाव काय म्हणालं असतं?"

त्या बांधावर आता दोघांच्या नातवांनी मिळून ठिबक केलंय. चुलते पाऊस लागला की कपाळ चोळत बसतात.