चोर सोडून संन्याशाला फाशी: कर्नल मेमरी करप्शनबद्दलचा एक सल्ला

लिनक्सच्या कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. मशीन अधूनमधून मेमरी करप्शनने, म्हणजे मेमरीतला मजकूर बिघडल्यामुळे, कोसळतंय? मग स्टॅक ट्रेसमध्ये (कोसळताना कोणता कोड चालू होता त्या नोंदीत) दिसणारा ड्रायव्हर काढा, नाहीतर रॅम बदला. डीबग अ‍ॅलोकेटरच्या (मेमरी वाटताना चुकाही तपासणाऱ्या यंत्रणेच्या) नादी लागू नका, कारण मशीन रांगायला लागतं, बग पळून जातो आणि केसॅन हा कर्नलमधला मेमरीच्या चुका शोधणारा तपासनीस आल्यापासून त्याची गरजही उरलेली नाही. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट अर्धवट आहे.

आधी ट्रेसमधला ड्रायव्हर. स्लब अ‍ॅलोकेटरकडे, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेकडे, ५० बाइट मागितले की सहसा केमॅलॉक-६४ या ६४ बाइटांच्या खोल्यांच्या साठ्यातली (कॅशमधली) खोली मिळते. ती चाळच आहे, नेटवर्क, यूएसबी, फाइलसिस्टम सगळे तिथलेच भाडेकरू. एकाने सोडून दिलेल्या खोलीत चोरून काही लिहिलं, तोवर तिथे दुसरा राहायला आलेला असतो. दहा मिनिटांनी तो आपलाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वाचायला जातो आणि कोसळतो. ट्रेसमध्ये नाव लागतं ते या बिचाऱ्याचं.

स्लब_डीबग, म्हणजे स्लबची ती डीबग तपासणी, चालू असेल तर मोकळ्या वस्तूत (सोडून दिलेल्या खोलीत) हेक्समधला ६बी हा 'पॉयझन' बाइट भरून ठेवतात आणि तीच जागा पुन्हा देताना तो शाबूत आहे का ते पाहतात. नसेल तर 'पॉयझन ओव्हररिटन' अशी तक्रार लॉगमध्ये येते. 'यू' हा पर्याय लावला असेल तर ती जागा कुणी घेतली आणि कुणी सोडली, हे दोन्ही ट्रेस सोबत मिळतात. चोर बहुतेक वेळा या दोन नावांच्या आसपासच सापडतो.

आता रॅम. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. कर्नलच्या ६.८ आवृत्तीत काढून टाकलेला जुना स्लॅब (स्लबहून वेगळा) अ‍ॅलोकेटर पॉयझनमध्ये एकच बिट बदललेला दिसला की 'बहुधा रॅम खराब' असं स्वतःच छापायचा. पण ६बी मधून एक वजा करा: ६ए. फरक नेमका एका बिटाचा! मोकळ्या केलेल्या वस्तूचा रेफरन्स काउंट (ती किती जण वापरतायत तो आकडा) कुणीतरी पुन्हा एकदा कमी केला की अगदी हाच ठसा उमटतो. तेव्हा ६ए दिसलं तर रॅमची ऑर्डर देण्याआधी त्या स्ट्रक्चरमध्ये काउंटर कुठल्या ऑफसेटला (सुरुवातीपासून किती बाइटांवर) आहे ते बघा. ऑफसेट जुळला तर दोष कोडचाच समजून पुढे जा. दर वेळी वेगळ्या कॅशमध्ये, वेगळ्याच ऑफसेटला एकेक बिट उलटत असेल, तर मात्र मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा.

मशीन रांगतं हे खरं, पण सगळ्या कॅशवर डीबग लावलं तर. संशय केमॅलॉक-६४ वर असेल तर बूट ओळीत स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-६४ एवढंच द्या (एफ, झेड, पी, यू ही तपासणीच्या पर्यायांची अक्षरं), बाकीच्या कॅश पूर्वीच्याच वेगाने चालतात. बहुतेक डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये ही सोय आधीच असते, कर्नल नव्याने बांधावा लागत नाही.

बग पळून जातो? कधीकधी तो नुसता रेडझोनमध्ये, म्हणजे वस्तूलगतच्या राखीव पट्टीत, अडकलेला असतो. वस्तूच्या हद्दीबाहेर गेलेले दोन-चार बाइट शेजाऱ्याऐवजी त्या पट्टीत पडतात, म्हणून क्रॅश थांबतो. वस्तू मोकळी होताना तक्रार येते, पण डीमेसेज (कर्नलचा लॉग) कुणी उघडून बघत नाही. खरी रेस कंडिशन (दोन कामांच्या वेळा जुळण्यावर अवलंबून असलेली चूक) असेल तर ती वेळ बदलल्यामुळे दडू शकते, हे मान्य. शिवाय सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला दिली गेली तर तिथे झालेलं लिखाण स्लबच्या नजरेतून सुटतं.

या बाबतीत केसॅन नक्कीच सरस आहे. तो सोडलेल्या वस्तू काही काळ वेगळ्या डांबून ठेवतो आणि चुकीचा हात लागल्या क्षणी पकडतो. पण त्याच्या नेहमीच्या प्रकाराला वेगळा बांधलेला कर्नल लागतो, आणि सावलीसाठी (मेमरीचा कुठला भाग वापरायला मोकळीक आहे त्या नोंदीसाठी) एक अष्टमांश मेमरी जाते. महत्त्वाचं म्हणजे त्याची तपासणी कंपायलरने कोडमध्ये पेरलेली असते. नेटवर्क कार्डाने डीएमएने (सीपीयूला वगळून मेमरीत लिहिण्याच्या सोयीने) थेट मोकळ्या बफरात लिहिलं तर त्यात सीपीयूचा कोड येतच नाही, मग केसॅनला कळणार कसं? पॉयझनला मात्र कुणी लिहिलं याच्याशी देणंघेणं नसतं, बाइट बदलला की तो बोंब मारतो. ड्रायव्हरवाल्यांचा निम्मा वैताग डीएमएचाच, आणि सल्ला मात्र केसॅनवर विसंबायचा!

चालत्या सर्व्हरसाठी कर्नल ५.१२ पासून केफेन्स हा नमुन्यादाखल तपासणारा तपासनीसही आहे. साधारण दर १०० मिलिसेकंदांना तो एखादं वाटप गार्ड पेजच्या (हात लावताच चूक पकडली जाईल अशा पानाच्या) कडेला नेऊन ठेवतो, आणि ६४ बिट मशीनवर नेहमीच्या मांडणीत २५५ वस्तूंसाठी त्याला लागते २ एमबी. इतके थोडे नमुने तपासत असल्याने एका मशीनवर बग सापडायची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल. हजार मशीन असतील तर आजच चालू करा.