दोन लाख अडतीस हजार, तेही खरे

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, डॉक्टरांना तोटा नाही, हे मान्य. पण ‘डॉक्टरांची आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय’ असं सांगून मला जेवढ्या गाड्या दाखवल्या गेल्या, तेवढ्या खरोखरच डॉक्टरांनी काढल्या असतील तर गावातले पेशंट बघत कोण होतं? शिवाय डॉक्टरांच्या गाडीचं मीटर पन्नास हजारांच्या पुढे म्हणून जात नाही. मॉडेल 2010 चं असो की 2015 चं, आकडा 46 हजार, नाहीतर 48 हजार. जुन्या पी. बी. रोडवर अशीच एक 48 हजारवाली बघितली. क्लचच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, गिअरच्या मुठीवरचे आकडे पार पुसून गेले होते आणि ड्रायव्हरची सीट उजव्या अंगाला अशी खचलेली की बसल्या बसल्या माणूस दरवाज्याला जाऊन टेकायचा. घर ते दवाखाना एवढ्यात हे सगळं व्हायचं तर डॉक्टर गाडी घेऊनच वॉर्डात राउंडला जात असणार.

मीटर मागं घेणं हे आता कसबाचं काम राहिलेलं नाही. पूर्वी डॅशबोर्ड खोलून बारीक दातेरी चाकं फिरवावी लागत. घड्याळजीचा हात हवा. आता स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतो. त्यात वायर खोचायची, लॅपटॉपवर हवा तो आकडा टाकायचा. चहा येईपर्यंत गाडी लाखभर किलोमीटरनं तरुण.

माझं बजेट दीड लाखाच्या आतलं. मराठी शाळेतल्या मास्तराची उडी याच्यापुढं जात नाही, आणि भर जुलैत खानापूरला सासुरवाडीला स्कूटरवरून जायचं वयही राहिलेलं नाही. एजंटानं बजेट ऐकलं आणि आवाज खाली आणला. “मग सर, दिल्लीची बघा.” तेव्हा दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की ती रस्त्यावर काढायची पंचाईत होती, म्हणून तिकडचे लोक बऱ्या बऱ्या गाड्या पडेल भावात काढायचे आणि त्या इकडं दक्षिणेत यायच्या. हे मला पटलं. मी विचारलं, “तिथं कुणाची होती?”

“डॉक्टरांची.”

शेवटी गाडी मिळाली ती शिनोळीच्या पुढं. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, बाची करत गेलं की बाचीनंतर कर्नाटक संपतं आणि चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला महाराष्ट्र लागतो. मालक काजूचा व्यापारी. त्यानं चहा मागवला, किल्ली हातात दिली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, “सर, गाडी भरपूर फिरलीया. कच्चा काजू, पक्का काजू, आज गोवा, उद्या बेळगाव. दोन लाख अडतीस हजार झाल्यात. खोटं कशाला सांगू?” किल्ली फिरवली. मीटरवर 2,38,114. इतक्या दिवसांत आकडा आणि सीट एकमेकांशी जुळणारी ही पहिलीच गाडी. सीट खचलेली होती आणि मीटर ते कबूल करत होतं. मला गहिवरूनच आलं.

कंपनीचं नाव सांगत नाही. इतकं पळाल्यावर गाडीत जे काय होतं त्याला कंपनी तरी काय करणार? 2012 ची डिझेल, रंग पांढरा म्हणायचा, किंमत 1 लाख 35 हजार, एवढं पुरे.

घरी फोटो दाखवला. मुलगी नववीत आहे. तिनं वही न काढता हिशेब केला की पृथ्वीला फेरी 40 हजार किलोमीटरची, म्हणजे ही गाडी सहाव्यांदा निघालेली आहे. आणि चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे, म्हणजे तिकडं गेली असती तर निम्म्याच्या पुढं पोचली असती. बायको म्हणाली, “म्हणजे परत यायची नाही.”

पण खरा त्रास आकडा मोठा असल्याचा नव्हताच. तो खरा असल्याचा होता. शेजारच्या काकांना सांगितलं तर ते पानाची पिंक टाकून म्हणाले, “दोन अडतीस दाखवतंय व्हय? मग चार लाख धर.” मी म्हटलं, काका, कमी करायचं असतं तर साठ हजार केलं असतं की. दोन अडतीसवर कोण थांबवतं? “तेच तर गा! लोकांना खरं वाटावं म्हणून.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मेहुण्याचं गणित वेगळं, उत्तर तेच. शाळेतल्या गणिताच्या सरांनी तर सूत्रच दिलं: मीटरवर असेल त्याच्या दीडपट. डॉक्टरांच्या 48 हजारांवर विश्वास ठेवायला सगळं गाव तयार, माझ्या 2,38,114 वर एक माणूस नाही. एजंटाला कुठून तरी कळलं, तर तो कळवळून म्हणाला, “सर, घ्यायचीच असली तर घ्या. पण मीटर मी साठ हजारावर आणून देतो. तुमच्याकडनं पैसे नकोत. लोकांत वाईट दिसतं.”

गाडी तपासायला बेळगावात माणूस शोधावा लागत नाही, हाकलावा लागतो. उद्यमबागेत एवढे कारखाने, एवढे लेथ, की प्रत्येक घरात एक तरी माणूस आयुष्यभर मायक्रोमीटर धरलेला असतो. बॉनेट उघडलं की तो येतो. आमच्या गल्लीत असे पाच-सहा जमले. एकानं ऑइलची पट्टी काढून बोटावर घेतली आणि बोट उन्हात धरलं. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी शिरतंय, हेड गॅस्केट गेलं म्हणायचं. काळं निघालं. “डिझेलचं काळंच असतंय,” दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर 2019 च्या बाविसाव्या आठवड्यातले निघाले. चौथा सायलेन्सरमागं उकिडवा बसून धूर बघत होता. निळा आला तर इंजिन ऑइल पितंय, पांढरा येतच राहिला तर कूलंट जळतंय, काळा आला तर डिझेल नीट जळत नाही. धूर करडा आला आणि त्यावरून दोघांत जुंपली.

मग गल्लीतले सर्वांत ज्येष्ठ, रिटायर्ड टर्नर, पुढं झाले. त्यांनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि चालू इंजिनवर उभं केलं. नाणं उभं राहिलं तर इंजिन गुळगुळीत, अशी त्यांची परीक्षा. सगळे श्वास रोखून. नाणं क्षणभर उभं राहिलं, थरथरलं, घरंगळलं आणि इंजिनाच्या पोटात कुठं तरी गडप झालं. टॉर्च आणला, गाडी हलवली, आदळली. नाणं मिळालं नाही. इंजिन पास की नापास हा मुद्दा मागं पडला आणि दहा रुपये कुणाचे, हा पुढं आला.

मिस्त्रीनं मात्र पाच मिनिटांत काम उरकलं. एक चक्कर मारली, स्पीडब्रेकरवर कान दिला, खाली वाकून बघितलं. चंदगडच्या पावसानं तळाला गंज धरला होता. तो घासून कोटिंग मारायचं, क्लचप्लेट आणि पुढचे बुश बदलायचे, बाकी “गाडी छलो ऐत्री,” गाडी चांगली आहे. मी मीटरकडं बोट दाखवलं. त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. “सुळ्ळ री सर.” खोटं आहे सर. म्हणजे तोही काकांच्याच पार्टीतला.

आता कागदपत्रं. इथं जरा बसून सांगावं लागेल. आमच्या वडिलांनी उभं आयुष्य बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून घालवलं. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी, सतरा जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, चुकलं नाही. आणि त्यांच्या मुलावर पाळी आली ती एमएच 09 ला महाराष्ट्रातून काढून कर्नाटकात आणायची. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म 28 वर लिहून आणायचं की ही गाडी कर्नाटकात गेली तर आमची हरकत नाही. ते पत्र आलं तेव्हा वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “हरकत नाही म्हणतात,” एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. गाडी 2012 ची. तिचा निकाल आधी लागला.

तशी वर्षभर एमएच पाटीवर चालवता आली असती. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, असा कायदा. बारा महिन्यांचे बारा वर्षं करून ‘पाहुण्यांची गाडी आहे’ म्हणणारे आमच्याकडं कमी नाहीत. पण मास्तराला रस्त्यावर अडवून विचारणारा पोलीस हा बहुधा माजी विद्यार्थी असतो. तेव्हा टॅक्स भरला. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स नव्या गाडीला किमतीप्रमाणे 13 ते 18 टक्के. जुनीला वयाप्रमाणे सूट. महाराष्ट्राला एकदा जन्माचा टॅक्स भरून झालेला, आता इथं दुसरा जन्म. तिकडचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. मागितला आहे. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो: गाडी माझी, पुण्याई त्याची.

चेसिस नंबरचा ट्रेस घ्यायचा होता. पुढच्या सीटखालची मॅट उचलली तर खाली काजूची टरफलं, आणि त्यांचं तेल लागून माझ्या दोन बोटांची सालं निघाली. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. एक आकडा तीन आहे की आठ, ते कळेना. पॉलिश पेपरनं गंज काढून पुन्हा घासली. तीन निघाला. केए 22 ची पाटी लागली तेव्हा बायकोनं कुंदा आणला. वडिलांनी खाल्ला, पण पाटीकडं पाठ करून.

गाडी बरी चालते. स्पीडब्रेकरवर पुढून ‘टण्’ असा आवाज यायचा, त्यापायी मिस्त्रीनं बुश बदलले, लिंक रॉड बदलला, आणि एके दिवशी खालच्या पत्र्याच्या खोबणीतून दहाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. टर्नरकाकांना नेऊन दिलं. “म्हणजे इंजिन चांगलं हाय,” ते म्हणाले. कसं ते विचारलं नाही.

मग खानापूरला जाताना पिरनवाडीच्या पुढं मीटर थांबलं. 2,41,652. काटा शून्यावर पडला आणि तिथंच राहिला. म्हणजे कागदोपत्री आम्ही शून्याच्या वेगानं सासुरवाडीला पोचलो. मिस्त्री म्हणाला, स्पीड सेन्सर गेलाय, हुबळीहून मागवायला लागेल, पण घाई कशाला? “आता किती पण फिरवा सर, वाढत नाही. विकताना फायदा.” एजंटाचाही फोन आला, त्याला असल्या गोष्टी कळतात तरी कशा? मी सेन्सर मागवला. तो येईपर्यंत चुकायला नको म्हणून डॅशबोर्डवर वही ठेवली आहे. तारीख, कुठून कुठं, किती किलोमीटर, सगळं लिहितो. परवा काकांना कपिलेश्वराला सोडायला निघालो, तर ते वही उघडून बसले. दोन पानं चाळली, बोटानं बेरीज केली, मान डोलावली.

“अक्षर चांगलं हाय,” म्हणाले. “आता खरं किती, ते सांग.”