चौपाटीवर माझी डावी चप्पल

गेल्या रविवारी संध्याकाळी ज्या पावतीपोटी मला दोनशे रुपये मोजावे लागले, ती पावती अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे, आणि तिच्यावर माझे वर्णन जनावराच्या रकान्यात केलेले आहे.

झाले ते असे. अधिक महिना म्हणून लेक आणि जावईबापू धोंडे खायला आले होते. जावईबापू गुहागरकडचे, म्हणजे घराच्या मागच्या दारातून समुद्राचा आवाज ऐकत वाढलेले. दुपारी पुरणाचे धोंडे झाले, ३३ अनारसे ताटात पडले आणि ऊन उतरल्यावर त्यांनी मला अत्यंत निरागसपणे विचारले, "बाबा, येताना फाट्यावर 'चौपाटीकडे' अशी पाटी पाहिली. इथे चौपाटी आहे?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. ब्रह्मपुरीकडचे आमचे गाव कोणत्याही समुद्रापासून किती लांब आहे, हे फळ्यावर नकाशा काढून मी गावाच्या दोन पिढ्यांना सांगितले आहे. तरीही वैनगंगेच्या काठावर सिमेंटचे चार बाक, 'आय लव्ह' पुढे गावाचे नाव लिहिलेली लाल अक्षरे (त्यांतले 'लव्ह' पहिल्याच वादळात पडले, त्यामुळे आता नुसताच 'आय' उरला आहे) आणि एक प्लास्टिकचे नारळाचे झाड एवढ्या ऐवजावर त्या जागेची चौपाटी झाली. त्याआधी तिला आम्ही घाट म्हणत असू. घाट म्हटले की पायऱ्या झाडाव्या लागतात, चौपाटी म्हटले की फक्त उद्घाटन करावे लागते.

जावईबापूंना नकार देणे शक्य नव्हते. मी पायात चप्पल सरकवली आणि आम्ही निघालो.

चौपाटीच्या आधी भिंत लागते, म्हणजे लागायची. तिची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण माझी चप्पल जिथे गेली ती जागा त्या भिंतीचीच आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला, तेव्हा आमच्याकडे आभाळ जवळजवळ कोरडे होते. पाऊस पडला होता वर मध्य प्रदेशात. तिकडचे पाणी सुटले, गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि आम्ही अंगणात वाळत घातलेले कपडे पाण्यात वाळत घातल्यासारखे दिसू लागले. (३३ हा आकडा आमच्याकडे फक्त अनारशांसाठी राखून ठेवायला हवा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.) शाळेच्या भिंतीवर खिडकीच्या चौकटीपर्यंत गाळाची रेघ उमटली. ती पुसायची नाही असे ठरले, आणि आमच्या गावात अंमलात आलेला हा एकमेव ठराव आहे, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

त्यानंतर पूरसंरक्षक भिंत मंजूर झाली. पुढे दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांचे अस्तर, त्याखाली जाळीत भरलेले दगड, मागे भराव. भरावाला कन्हार माती घातली, जी पाणी पिते तेव्हा फुगते आणि एकदा प्यायलेले पाणी लवकर सोडत नाही. असे पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत छिद्रे ठेवतात. आमच्या भिंतीतही होती, परंतु रंग देणाऱ्याने ती लांबीने बुजवून वर कमळे काढली. परिणामी दोन वर्षांपूर्वी मोठे पाणी आले तेव्हा भिंत छाती काढून उभी होती, गावाने तिच्यासोबत फोटोही काढले. पूर उतरला मात्र, मागच्या मातीतले पाणी मागेच अडकले, पुढचा आधार गेला, पायथ्याची रेती आधीच ट्रॅक्टरांनी नेलेली होती, आणि रात्री अडीचच्या सुमारास भिंत ओसरत्या पुराच्या मागोमाग नदीत गेली, जणू पाहुण्याला फाट्यापर्यंत सोडायला निघाली. चौकशी झाली तेव्हा दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याची मुदत, नुकताच संपलेला निघाला. एवढी तारखेची पक्की भिंत मी दुसरी पाहिली नाही.

तर त्या खिंडारातून खाली उतरायला आता चार दगड आहेत. जावईबापू समुद्रावरचे असल्यामुळे कोणता धोंडा हलतो हे त्यांना पाहताक्षणी कळले आणि ते बकरीसारखे उतरले. मी शेवटच्या दगडावरून पाय खाली ठेवला तो वाळलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर, अशी माझी समजूत होती. ती जमीन नव्हती. गावाची नाली तिथे येऊन उघडते, आणि मे महिन्याच्या उन्हात तिच्यावर दुधावर यावी तशी साय धरते. पापड मोडावा तसा बारीक आवाज झाला आणि माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय परत आला. चप्पल आली नाही.

मी लंगडत धारेकडे निघालो. उन्हाळ्यात आमची वैनगंगा रेतीच्या विस्तारात दोन-तीन धारांनी वाहते, पलीकडे डांगरवाडीतल्या, म्हणजे नदीच्या रेतीत लावलेल्या मळ्यातल्या, शेवटच्या डांगरांवर ढिवरांची (मासेमारांची) पोरे राखणीला असतात, आणि अलीकडच्या धारेत त्या वेळी एक म्हैस बसली होती, जिचे पोटसुद्धा धड ओले झालेले नव्हते. मी पाय पाण्यात घालणार, तोच कर्णकर्कश शिट्टी वाजली.

नारिंगी रंगाचे फुगीर जाकीट घातलेला एक तरुण रेती तुडवत आला. कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. जाकिटाच्या पाठीवर 'जीवरक्षक' असे लिहिलेले होते. जवळ आल्यावर मी त्याला ओळखले, सातवी ब, खिडकीजवळचा बाक.

"गुरजी, पाण्यात नोका जाऊ."

"अरे, घोट्याएवढे पाणी आहे."

"घोट्याएवढं हाये म्हणूनच म्हनतो जी. खोल पान्याले मानूस भेते. उथळ पान्याले भेतच नाही, थेच डेंजर."

या तर्कात मला तत्काळ दोष काढता आला नाही. मी चिखलाने भरलेला पाय उचलून धरला होता आणि एका पायावर उभ्या असलेल्या माणसाची तर्कशक्ती निम्मी होते.

"तुला पोहता येते का?" मी विचारले.

"नाही जी. पोहता आलं असतं तं येवढ्या गरमीत जाकीट कायले घातलो असतो?"

"मग कोणी बुडाले तर?"

"शिट्टी वाजवतो ना. शिट्टी वाजवलो का डांगरवाडीतले पोट्टे येतेत धावत. थ्याइले येते पोहता."

"मग त्यांनाच का नाही ठेवले?"

त्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, जशा करुणेने मी एके काळी त्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहत असे. "गुरजी, थे वाचवतेत. पन थ्याइले शिट्टी वाजवता येत नाही, पावती फाडता येत नाही. हे टेक्निकल काम हाये."

पावतीचा उल्लेख प्रथम इथे आला. तोपर्यंत मी पाय धुऊन टाकला होता. त्याने शांतपणे जाकिटाच्या आतून पावतीपुस्तक काढले, घामाने चिकटलेली पाने सुटी केली आणि म्हणाला, "प्रवेशाचे दहा दहा, ते राहू द्या, जावई पाहुने हायेत. पन नदी घान केली, थ्याचे दोनशे पडतेत."

"मी? मी नदी घाण केली?"

"पायाचा गाळ पान्यात सोडला ना जी. म्या सोता पाह्यलो."

मी हात लांब करून नालीकडे दाखवले. तिथून साऱ्या गावाचे सांडपाणी, काळे, संथ आणि पावतीची मुळीच भीती नसलेले, माझी चप्पल पोटात घेऊन त्याच धारेला मिळत होते. त्याने बराच वेळ तिकडे पाहिले. प्रश्न त्याला कळत नव्हता असे नाही.

"नाली पंचायतीची हाये, गुरजी," तो अखेर म्हणाला. "पंचायतीले पावती पंचायतीच्याच बुकातून कशी फाडू?"

बुक मात्र पंचायतीच्या चौपाटीचे नव्हतेच. नवीन छापून यायचे होते म्हणून त्याला गुरांच्या बाजाराचे उरलेले पुस्तक दिलेले होते. 'जनावराचा प्रकार' या रकान्यात त्याने माझे आडनाव लिहिले. 'वय' मला विचारून लिहिले. 'शिंगे' या रकान्याशी तो क्षणभर थबकला, माझ्या डोक्याकडे पाहिले आणि वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिले. हा शब्द मीच त्याला शिकवलेला असणार. शेवटी 'ओळखीच्या खुणा' आले. तिथे त्याने लिहिले, 'डावा पाय अनवाणी'.

एवढा वेळ मागे उभे राहून जावईबापू घशात काहीतरी अडकल्यासारखे खोकत होते. दोनशे रुपये त्यांनी काढले, मी ते परत त्यांच्या खिशात कोंबले, कारण धोंड्याच्या महिन्यात जावयाकडून दंड भरून घेतला असता तर गावाने मला नालीतच ठेवले असते.

परतताना मला बरे वाटावे म्हणून ते म्हणाले की त्यांच्याकडेही असेच आहे. उधाणाची भरती माड गिळू लागली म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा घातला, काळ्या दगडांचा, उंच. लाटा त्यावर आपटून परतताना पुढची वाळूच ओढून नेऊ लागल्या, आणि आता बंधारा आहे पण चालायला पुळण उरली नाही. मग ते हसून म्हणाले, "बाबा, तुमच्या शेतांची माती शेवटी समुद्रालाच मिळते, म्हणजे आमच्याकडेच येत असेल."

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते, तेव्हा आमच्या मातीवर कोकणाचा काडीचाही हक्क नाही, असे मी त्यांना जरा जास्तच जोराने सांगितले. शिवाय वाटेत रेती अडवायला धरणे आहेत आणि उपसायला ट्रॅक्टर आहेत, त्यामुळे उपसागरालाही किती पोचते ते तोच जाणे. जोर चढण्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. भिंत पडली त्या पावसाळ्यात तिच्या लगतची माझी धानाची बांधी अर्ध्याहून अधिक खरडून गेली. तलाठ्याने पंचनामा केला, मोजणी व्हायची आहे. सातबाऱ्यावर ती अजून शाबूत आहे, तिचा सारा मी भरतो, आणि तिच्यावर सध्या जी म्हैस बसते ती माझी नाही. भिंत बांधायला पैसा येतो, तिची बुजलेली छिद्रे वर्षातून एकदा लोखंडी सळईने मोकळी करायला येत नाही, कारण सळई फिरवण्याचे उद्घाटन करता येत नाही. हे मी ग्रामसभेत दोनदा बोललो. दोन्ही वेळा माझ्या बोलण्याची नोंद 'इतर विषय' या सदरात झाली.

सोमवारी सकाळी जावईबापूंना एसटीत बसवले आणि पावती घेऊन मी तडक पंचायतीत गेलो. बाबूने ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"ही तर गुरांच्या बाजाराची पावती हाये, गुरजी."

"तेच म्हणतो. मग माझे पैसे परत करा."

"करतो ना," तो म्हणाला, "पन बाजाराचा नियम असा हाये का पावती रद्द कराची तं जनावर हजर करा लागते."

"मी हजर आहे," मी म्हणालो.

त्याने पावतीवरची खूण वाचली, टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिले. दोन्ही पायांत बूट होते. "खूण जुळत नाही जी," असे म्हणून त्याने पावती मला परत दिली.