कुलगुरूसाहेब, उडी कधी मारताय?

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या विद्यापीठाचे तुम्ही नवे कुलगुरू झालात. पदवीदानाची भाषणं, देणगीदारांबरोबरची जेवणं, प्राध्यापकांचे रुसवेफुगवे हे यथावकाश जमेल. पहिल्या आठवड्यात करायचं काम एकच. आपलं विद्यापीठ खेळांच्या ज्या कॉन्फरन्समध्ये आहे, ती सोडून दुसरीकडे कुठे घुसता येईल याची गुपचूप चौकशी सुरू करा. संशोधनाचं नंतर बघू.

तुम्ही सांगली-साताऱ्याकडून थेट या खुर्चीत आला असाल तर जरा उलगडून सांगतो. कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारधर्म. आसपासच्या आठ-दहा विद्यापीठांनी दरवर्षी एकमेकांशी खेळायचं. पोरांनी बसमध्ये बसावं, चार तासांवरच्या गावी जावं, फुटबॉल खेळावा (हातात धरून पळायचा तो, आपला नव्हे), हरावं किंवा जिंकावं आणि रात्री आपल्या खोलीत येऊन झोपावं. 1915 च्या डिसेंबरात पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी असाच एक गट बांधला: बर्कलीचं कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगनचं शेतकी कॉलेज, म्हणजे आजचं ओरेगन स्टेट. वाढत वाढत त्याचं पॅक-12 झालं. स्वतःला 'विजेत्यांची कॉन्फरन्स' म्हणवून घ्यायची, आणि ते खोटंही नव्हतं. एकट्या स्टॅनफर्डकडेच राष्ट्रीय अजिंक्यपदं शंभराहून जास्त.

अशी जुनी वास्तू मोडायची कशी, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. पूर्वी कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची हे एनसीएए ही विद्यापीठांच्या खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवायची, आणि मोजूनमापून दाखवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या मंडळांनी तिला कोर्टात खेचलं आणि 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. मग ज्याने त्याने आपापलं दुकान थाटलं. 2022 साली बिग टेन या कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून मोठा. तेव्हा तुमचं विद्यापीठ कुठे आहे हा प्रश्न आता भूगोलाचा नाही. तुमच्या अंगणात टीव्ही किती, हा प्रश्न आहे. रटगर्स आणि मेरीलँड 2014 साली बिग टेनमध्ये आले ते काय त्यांच्या बचावफळीकडे बघून? एकाच्या शेजारी न्यूयॉर्क, दुसऱ्याच्या शेजारी राजधानीचं वॉशिंग्टन शहर. कॉन्फरन्सचं चॅनल तिथल्या केबलच्या पॅकेजात शिरलं की प्रत्येक घराच्या बिलात चार पैसे वाढतात, मॅच बघा नाहीतर बघू नका. मी न्यू जर्सीत राहतो, मला आजही या खेळातलं थ्री-अँड-आउट कळत नाही, पण बिलं मी वेळेवर भरली आहेत. तुम्ही मला दुवा द्या.

नावाची काळजी करू नका. नावाला कोणी विचारत नाही. बिग टेनमध्ये 1990 पासून अकरा विद्यापीठं होती. नाव बदलण्याऐवजी त्यांनी बोधचिन्हातल्या अक्षरांच्या फटीत 11 आकडा लपवला. 2011 साली तर बिग टेनमध्ये बारा सभासद होते आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा. दोघांनी पाट्यांची अदलाबदल केली असती तर रंगाचे पैसे वाचले असते. आज बिग टेनमध्ये अठरा आहेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा हे जुनं झालं. इथे नाव कथलाचं आणि हातात सोनं, म्हणून कुणाची तक्रार नाही. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये 2024 पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. दोन्ही पॅसिफिकच्या काठची. रत्नागिरीने कोरोमंडल किनारा संघात नाव घालावं तसं. समुद्र आहे ना? मग झालं.

आता मुहूर्त. उडी नेहमी उन्हाळ्यात मारावी. विद्यार्थी घरी, प्राध्यापक सुट्टीवर, विरोधाचा फलक रंगवायला कॅम्पसवर माणूस नाही. टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह सोडतायत हे कळलं 2021 च्या जुलैत. यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन घराणी पॅक-12 सोडून बिग टेनला निघाली ती 30 जून 2022 रोजी. तारीख ओळखीची वाटली? त्याच दिवशी मुंबईत राजभवनावर एकनाथ शिंदे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. पुढच्या जुलैत महाराष्ट्रात आणखी एक पक्ष फुटला आणि त्याच जुलैत कोलोरॅडोने पॅक-12 सोडली. मी योगायोगापलीकडे काही म्हणत नाही. एवढंच सांगतो की आपल्या मंडळींना निदान सुरत आणि गुवाहाटी एवढाच प्रवास पडला. मुंबई ते गुवाहाटी हवाई अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. लॉस एंजेलिस ते रटगर्स त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि इथे ते एकदा जाऊन भागत नाही.

उडीआधी मैत्रीच्या आणाभाका घ्यायला विसरू नका. त्याने समोरचा निर्धास्त राहतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये बिग टेन, अटलांटिक कोस्ट आणि पॅक-12 या तिघींनी 'अलायन्स' जाहीर केली. कागदावर सही नाही, करार नाही, नुसता एकमेकींवर विश्वास. दहा महिन्यांनी बिग टेनने पॅक-12 च्या घरातली दोन मोठी भांडी उचलली. पुढच्या वर्षी आणखी दोन. आणि मग तिसऱ्या मैत्रिणीने, अटलांटिक कोस्टने, उरलेल्यांतली दोन नेली. विश्वास सार्थ ठरला म्हणायचं, कारण बाहेरचं कुणीच शिरलं नाही. (बिग ट्वेल्व्हने चार पळवली, पण ती बिचारी या मैत्रीत कधी नव्हतीच, तिला नावं का ठेवा.)

4 ऑगस्ट 2023 ची सकाळ तुमच्या अभ्यासक्रमात हवीच. पॅक-12 च्या हाती अ‍ॅपलचा एक प्रस्ताव होता: मॅच इंटरनेटवर दिसतील, किती लोक वर्गणी भरतात त्यावर पैसे वाढतील. कुरकुरत का होईना, नऊ विद्यापीठं त्या सकाळी एकत्र राहण्याच्या कागदावर सह्या करणार अशी सगळ्यांची समजूत होती. दिवस मावळेपर्यंत वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेली होती, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. वऱ्हाड मांडवात बसलंय, अक्षता वाटून झाल्यात आणि अंतरपाट धरणारेच दुसऱ्या मांडवात जेवायला गेलेत, असं दृश्य.

स्थळ मोठं असेल तर देण्याघेण्यात घासाघीस करू नका. वॉशिंग्टन आणि ओरेगन टीव्हीच्या पैशातल्या निम्म्याच्या आसपासच्या वाट्यावर तयार झाले. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने सुरुवातीला तीस टक्के मान्य केले. पण आदर्श वधूपक्ष म्हणाल तर डॅलसचं सदर्न मेथडिस्ट. त्यांनी सांगितलं, आम्हाला घ्या, टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं नको! नारळ आणि मुलगी तर सगळेच देतात, यांनी नऊ वर्षांचा किराणाही माहेरूनच पाठवायचं कबूल केलं. तेलाचे आणि जमिनीचे पैसेवाले माजी विद्यार्थी पाठीशी असले की असं बोलता येतं. याच विद्यापीठाचा फुटबॉल 1987 साली खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल बंद पाडला होता, ही आठवण सहज. आता 2025 पासून विद्यापीठाने खेळाडूंना उघड पैसे देणं कायदेशीर आहे, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. पोरांची चूक एवढीच की ती चाळीस वर्षं आधी जन्मली.

निवेदन कसं लिहायचं? सोपं आहे. त्यात 'विद्यार्थी-खेळाडूंचं हित' हे शब्द पहिल्या परिच्छेदात आणि 'राष्ट्रीय व्यासपीठ' दुसऱ्या. 'पैसा' कुठेच नाही. शेजारच्या विद्यापीठाबद्दल 'आमच्या मनात नितांत आदर आहे' असं एक वाक्य शेवटी टाकावं, आणि ते त्यांच्या कुलगुरूंना बातम्यांतूनच वाचायला मिळेल याची खबरदारी घ्यावी.

शेजारी मग काय करतात? ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची गावं दीड-दोन तासांच्या अंतरावर. 1910 पासून दर वर्षी, दोन्ही महायुद्धांतसुद्धा, त्यांची मॅच झाली. सासर एकीकडचं, माहेर दुसरीकडचं अशी शेकडो घरं. 4 नोव्हेंबर 2023 ला ओक्लाहोमा स्टेटने शेवटची मॅच 27-24 अशी जिंकली आणि परंपरेला कुलूप लागलं. भरपाईसाठी आता तिथल्या घरांत थँक्सगिव्हिंगला भांडायला दुसरे विषय शोधले जातात. राजकारण आहेच.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवा. तुम्ही उडी मारणारे न ठरता मागे उरणारे ठरू शकता. पॅक-12 मध्ये शेवटी दोघं उरले: कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावातली, दोन्हींची मुळं शेतीत. वॉशिंग्टन स्टेटच्या आसपास मैलोन् मैल गव्हाच्या टेकड्या, आणि विद्यापीठाची स्वतःची डेअरी डबाबंद चीज विकते. उत्तम चीज आहे. पण चीज टीव्हीवर दिसत नाही. ओरेगन स्टेटने तर स्टेडियमच्या नूतनीकरणावर सोळा कोटी डॉलर खर्चून 2023 च्या सप्टेंबरात नवी बाजू उघडली, शेजाऱ्यांनी घर सोडल्याला महिनाभर झाला होता. पंगत मांडली आणि पाहुणे गावच सोडून गेले. 2025 च्या मोसमात या दोघांवर एकमेकांशीच दोनदा फुटबॉल खेळायची पाळी आली.

पण हे दोघं कोर्टात गेले आणि जिंकले. जे सोडून निघालेत त्यांना मंडळावर मत नाही, नाव आणि तिजोरी उरलेल्यांची, असं वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटी कोर्टाने ठरवलं. नाव-चिन्ह मागे उरलेल्याला मिळू शकतं हे वाचून महाराष्ट्रातल्या काही वाचकांना चहाचा ठसका लागेल. लागू द्या.

आणि मग त्या दोघांनी काय केलं? शेजारच्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून पाच विद्यापीठं उचलली. माउंटन वेस्टने 2024 साठी यांना मॅच दिल्या होत्या, अडचणीतल्या पाहुण्याला ताट वाढावं तशा, आणि करारात लिहून घेतलं होतं की आमची पोरं पळवलीत तर दंड भरावा लागेल. पाच पळवल्यावर दंड झाला साडेपाच कोटी डॉलर. पॅक-12 ने दंड बेकायदा आहे म्हणून दावा ठोकला. काल जिच्या घरावर दरोडा पडला ती आज कुलूप लावणं अन्याय्य आहे म्हणून कोर्टात! कुलगुरूसाहेब, हा धडा दोनदा वाचा. यात तुमचं अख्खं प्रशिक्षण आहे.

पोटगीचाही अंदाज ठेवा. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन लेकरं. मोठ्या शहरातल्या धाकट्याने थोरल्याला न विचारता घर सोडलं. तेव्हा वरच्या नियामक मंडळाने आधी अटी घातल्या: लांबच्या प्रवासामुळे खेळाडूंच्या खाण्यापिण्यावर, शिकवणीवर, विमानांवर जास्त खर्च करा. मग 2024 मध्ये ठरलं की यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं, वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे. तिकडच्या लोकांनी 'कॅल' (बर्कलीचं घरगुती नाव) आणि पोटगीचा इंग्रजी शब्द जोडून त्याला 'कॅलिमनी' असं नाव ठेवलं. बरं, यूसीएलएने घर का सोडलं? खेळ खात्याची तूट भरून काढायला.

फुटबॉलवाल्यांची चिंता करू नका. त्यांचं खास विमान असतं, मॅच आठवड्यातून एक, तीही बहुधा शनिवारी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, फुटबॉल (आपला) या पोरांनीही त्याच कॉन्फरन्सबरोबर जायचं असतं, आणि त्यांच्या मॅच बुधवारीही असतात. त्यांच्यामुळे टीव्हीवाले एक छदामही जास्त देत नाहीत. पण एक फुटबॉल इकडे आणि बाकीचे खेळ तिकडे ठेवायचं म्हटलं तर तेवढा विचार करायला वेळ कुणाला आहे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर शिकागोच्या विमानतळावर माझं विमान उशिरा होतं. गेटजवळ सहा-सहा फुटांच्या मुली, एकसारखी जाकिटं, गुडघ्याला बर्फाच्या पिशव्या. एक जण चार्जिंगच्या खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक, त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपवर अर्धं खाल्लेलं केळं. मी चार्जरसाठी जागा मागितली, तिने पाय आवरले. विचारलं, मॅच कशी झाली? हरलो, म्हणाली. उद्या आठला लॅब आहे. कितीला पोचणार? तिने घड्याळ बघितलं, मग बोटांवर तीन तासांचा फरक मोजला, आणि मोजणं सोडून दिलं.

हे विद्यापीठ घरापासून दोन तासांवर आहे, म्हणून घेतलं होतं, ती म्हणाली. आई-बाबांना प्रत्येक मॅचला गाडीने येता यावं म्हणून.

तुम्ही तिच्याकडे बघू नका, कुलगुरूसाहेब. तुमचा लाउंज वरच्या मजल्यावर आहे. तिथे टीव्हीवर मॅच चालू असते.

तेवढ्यात गेट बदलल्याची घोषणा झाली. सगळ्याजणी उठल्या, पिशव्या खांद्याला लावल्या आणि टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या. केळं खांबापाशीच राहिलं.