फुकटचा मुक्काम

आज सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. समुद्र, सूर्योदय, त्यापुढे उभी कॅम्परव्हॅन, बाहेर मांडलेल्या दोन खुर्च्या. खाली ओळ: "ना बुकिंग, ना भाडं, ना कटकट!" त्यावर बदामांचा पाऊस. मी फोटो मोठा करून पाहिला तर व्हॅनमागे अर्धवट झाकलेली 'पासिंग प्लेस'ची, म्हणजे अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायच्या जागेची पाटी. डोकंच फिरलं.

फिरायला कारण आहे. हाच उद्योग तीन वर्षांपूर्वी आम्ही केलाय. स्कॉटलंडच्या उत्तरेला, नॉर्थ कोस्ट 500 वर. इन्व्हरनेसहून निघून इन्व्हरनेसलाच परत आणणारा 500 मैलांहून थोडा मोठा फेरा. रस्ते जुनेच, 2015 मध्ये नाव मिळालं आणि जग लोटलं. कित्येक ठिकाणी रस्ता एका गाडीपुरता. समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगीर जागेत थांबायचं, म्हणजे दुसरा पुढे जातो. त्या फुगीर जागेत आम्ही रात्री अकराला पडदे ओढून गाढ झोपलो.

पहाटे काचेवर टकटक. बाहेर एक आजोबा. मागे त्यांचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत मेंढ्या. समोर एक ट्रक. दोघांनाही हलता येईना, कारण मधली जागा आमच्या बेडरूमने अडवलेली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "झोप झाली का नीट?"

आता कोणीतरी लिहीलच की तिथे कुठेही राहायचा हक्क आहे. नाही हो! 2003 च्या कायद्याने दिलेला हक्क पायी फिरणाऱ्याला आहे, पाठीवर तंबू घेऊन येणाऱ्याला आहे. इंजिनाला नाही. नॉर्वेत तर तंबूवाल्यालाही घरापासून 150 मीटर लांब राहावं लागतं. न्यूझीलंडने 2023 मध्ये नियम आवळले. 'सेल्फ कंटेन्ड', म्हणजे आपली सगळी सोय गाडीतच असलेली, म्हणवून घ्यायचं तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, सीटखाली सरकवलेला डबा चालत नाही.

आणि संडासाचा विषय निघालाच आहे तर सांगा, त्या कॅसेटमधलं, म्हणजे व्हॅनच्या संडासाच्या काढता येणाऱ्या टाकीतलं, केमिकलचं निळं पाणी रिकामं कुठे करता? ओढ्यात? की गावातल्या संडासात? खेड्यात बहुतेक वेळा खाली सेप्टिक टँक असतो. त्यातलं सगळं काम जिवाणू करतात आणि तुमचं केमिकल नेमकं त्यांनाच मारतं. टाकी तुंबते तोवर तुम्ही चार गावं पुढे, नवा सूर्योदय टिपत.

बरं, सगळे असे नसतात, मान्य. सीझनमध्ये कॅम्पसाइट भरलेल्या असतात हेही मान्य. आम्हालाही त्या रात्री दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं.

म्हणूनच तिथल्या कारभाऱ्यांवरही माझा राग आहे. जिथे तिथे 'रात्री थांबण्यास मनाई'ची पाटी ठोकली की यांचं काम संपलं. अरे, रात्री अकराला माणूस हवेत विरघळतो का? तो दोन किलोमीटर पुढे जातो आणि आणखी वाईट जागी थांबतो. आमच्यासारखा. फ्रान्समधल्या छोट्या गावांत अशा व्हॅनसाठी रात्रीचे थांबे असतात, त्यांना 'एर' म्हणतात, जर्मनीत 'श्टेलप्लाट्झ'. थाटमाट काही नाही. सपाट जागा, पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी, कॅसेट रिकामी करायची सोय. संध्याकाळी या, सकाळी निघा, खुर्च्या-छत्र्या बाहेर मांडू नका. आणि पैसे घ्या ना त्याचे! हजारोंची व्हॅन भाड्याने घेणाऱ्याला एका रात्रीचे पैसे जड होतात, हे मला कोणी पटवूच नये. गावाला चार पैसे मिळतील, संडास साफ करायला माणूस ठेवता येईल.

फोटोवाल्या मित्रावर चिडले खरी, पण हे लिहिता लिहिता राग उतरला. तो तसा वाईट नाही. त्याच्या काचेवर अजून कोणी टकटक केलेली नाही, एवढंच. रात्री फोन करते त्याला.

त्या पहाटे नवऱ्याने नाइट ड्रेसवरच स्टिअरिंगवर बसून व्हॅन कशीबशी पुढे काढली. ट्रक फुगीर जागेत शिरला, ट्रॅक्टर पुढे सरकला. आमच्या शेजारून जाताना आजोबांनी हात वर केला. त्या रस्त्यांवर वाट दिली की सगळेच असा हात करतात. नवऱ्यानेही उलट हात केला. मी मागे पडद्याआड बसून राहिले.