गाण्याखाली नाव कुणाचं?

जिओ २०१६ मध्ये आलं. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या ब्रह्मपुरीकडे गाणी मोबाईलच्या दुकानात मिळायची. पाच-पंचवीस रुपये दिले की दुकानदार मेमरी कार्ड भरून द्यायचा. भीमगीतं, छत्तीसगढी, गोंडी, खंजिरीवरची भजनं, सगळं एकाच फोल्डरात. त्यातल्या एका गोंडी गाण्यानं मला वेड लावलं होतं. बाईचा आवाज अन् मागं नुसता ढोल. गायिकेचं नाव पाहायला गेलो तर तिथं दुकानाचं नाव आणि फोन नंबर! दुकानदाराला विचारलं. "का मालूम गड्या, दुसऱ्याच्या कार्डातून आलं."

मला ते अजून टोचतं.

पुढं एमदू मोक्तारबद्दल वाचलं तेव्हा ते दुकानच डोळ्यापुढं आलं. हा नायजर देशातला, सहारातल्या तुआरेग जमातीचा गडी. पहिली गिटार त्यानं स्वतः बनवली, तारा लावल्या सायकलच्या ब्रेकच्या. त्याची गाणी सहारात पसरली ती मोबाईलमधून मोबाईलमध्ये, मेमरी कार्डावरून. ख्रिस्तोफर किर्कली नावाच्या अमेरिकन माणसानं अशी गाणी गोळा केली आणि मोक्तारला शोधून काढलं. आज तो जगभर वाजवतो. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे शोधून काढणं.

तेव्हापासून गाणं आवडलं की मी आधी नाव शोधतो. असंच अरुणाचलचा ताबा चाके सापडला. न्यिशी भाषेतलं एक अक्षर मला कळत नाही, पण त्याची गिटार धानाच्या बांधावर बसून ऐकावी अशी आहे. मुंबईचे स्वदेशी हे रॅपवाले सापडले, मराठीतही रोखठोक बोलणारे. ॲप आपल्यापुढं बहुतेक ऐकलेल्यासारखंच आणून ठेवतं. हे लोक मला एका नावावरून दुसऱ्या नावाकडे जात मिळाले.

आणि नुसतं "छान आहे" म्हणून भागत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचा एक पैसाही कलाकाराला मिळत नाही. बँडकॅम्प नावाच्या वेबसाइटवर मात्र गाणं विकत घेता येतं, आणि कंपनी साधारण १५ टक्के कापून घेते. म्हणून जे मनापासून आवडतं ते मी विकत घेतो.

आपल्याकडे नावाची ही काळजी जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आठवा. शेवटच्या कडव्यात "तुकड्यादास" येतोच. मोझरीहून निघालेलं भजन कोणत्याही गावात, कोणत्याही मंडळानं म्हटलं तरी नाव गाण्यातच विणलेलं, कोणी वेगळं काढू शकत नाही.

पण आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या नाटकात रात्रभर आर्गन अन् ढोलकी वाजवणाऱ्यांचं काय? नट-नट्यांची नावं पोराटोरांना पाठ आहेत. वाजवणाऱ्याचं नाव मंडपातल्या किती जणांना सांगता येईल? कोणत्याही कंपनीविना, स्वतःच्या हिमतीवर वर्षानुवर्षं वाजवणारे हे आपलेच कलाकार. यंदा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक सुटलं की मी त्यांच्याकडे जाणार आहे. नाव, गाव विचारणार, त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्ड करून नावासकट टाकणार.

ते गोंडी गाणं माझ्याकडे अजून आहे, जुन्या कार्डात. गडचिरोलीतल्या कोरची, धानोरा, एटापल्लीकडचे कोणी वाचत असाल तर सांगा, ऐकवतो. कदाचित ती बाई तुमच्याच गावची असेल.